शाळेच्या वाटेवरचा काळ कोणाचा?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन-तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास ठरवून दिलेले आहेत. शिक्षकाने आठवड्याला किती तास काम करावे, तयारीला किती वेळ द्यावा, याचाही उल्लेख तेथे आहे. घरापासून शाळेपर्यंत जाण्यात आणि परत येण्यात मुलाचा जो काळ जातो, तो मात्र या हिशेबात कोठेच येत नाही. पुण्याच्या वाघोलीतून शहरातल्या एखाद्या नामांकित शाळेत किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरून मुंबईच्या उपनगरातल्या शाळेत जाणारे तिसरीतले मूल जाताना एक तास आणि येताना एक तास बसमध्ये बसत असेल, तर २०० दिवसांत त्याचे ४०० तास प्रवासात जातात, म्हणजे कायद्याने त्याच्या शिकण्यासाठी राखून ठेवलेल्या काळाच्या बरोबर निम्मे. एवढा मोठा काळ कोणाच्या मालकीचा, तो खर्च करण्याचा अधिकार कोणाला, आणि खर्च झाल्यावर त्याचे देणे कोणी कोणाला लागते, हे प्रश्न वाहतुकीच्या नियोजनाचे म्हणून सोडून देण्यासारखे नाहीत. ते धर्मविचाराचे आणि नीतिविचाराचे प्रश्न आहेत, आणि त्यांचा विचार त्याच गांभीर्याने व्हायला हवा.

पाश्चात्त्य शिक्षणविचारात हा प्रश्न अगदी नेमक्या रूपात मांडला गेला आहे. जर्मन धर्मचिंतक फ्रीडरिश श्लायरमाखर यांनी १८२६ सालच्या शिक्षणविषयक व्याख्यानांत असे विचारले की, आयुष्याचा एक क्षण दुसऱ्या क्षणासाठी बळी देण्याचा अधिकार शिक्षण देणाऱ्याला असतो काय. त्यांच्या आधी रूसो यांनी १७६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एमिल’ या ग्रंथात, अनिश्चित भविष्यासाठी मुलाचे वर्तमान होमून टाकणाऱ्या शिक्षणाला क्रूर म्हटले होते, आणि त्यामागे त्या काळातील बालमृत्यूंचे भयंकर वास्तव उभे होते. ज्या समाजात जन्मलेल्या मुलांपैकी पुष्कळशी तारुण्यापर्यंत पोचतच नव्हती, तेथे ‘पुढे कामाला येईल’ हा युक्तिवाद फार पोकळ ठरत असे. श्लायरमाखर यांचे उत्तर रूसोंइतके तीव्र नाही, पण अधिक उपयोगी आहे: भविष्याची तयारी करावीच लागते, मात्र त्या तयारीतच वर्तमानाचे समाधानही असले पाहिजे, आणि मूल जितके लहान, तितका वर्तमानाचा हक्क अधिक. ही कसोटी लावली की वर्गातला कंटाळवाणा तासही एक वेळ समर्थनीय ठरू शकतो, कारण त्यात थोडे का होईना, शिकणे घडते. वाहतुकीत अडकलेल्या बसमधल्या तासात भविष्याची तयारीही नसते आणि वर्तमानाचे समाधानही क्वचितच असते, आणि म्हणून तो या कसोटीवर सर्वांत कठीण ठरतो.

भारतीय परंपरेत हाच प्रश्न वेगळ्या वाटेने येतो, आणि तो ज्या कथेत येतो, ती कथा मराठी वाचकाच्या परिचयाची असली तरी तिच्याकडे या अंगाने फारसे पाहिले जात नाही. कठोपनिषदाच्या आरंभी वाजश्रवस सर्वस्वदानाचा यज्ञ करतो. भाष्यकार या यज्ञाला विश्वजित म्हणतात, म्हणजे ज्यात यजमानाने आपले सर्व धन दक्षिणा म्हणून द्यायचे असते असा याग. दिल्या जाणाऱ्या गायी म्हाताऱ्या, आटलेल्या आहेत हे पाहून मुलगा नचिकेता बापाला विचारतो, मग मला कोणाला देणार. दोनतीनदा विचारल्यावर बाप रागाने म्हणतो, तुला मृत्यूला दिले. एका मोठ्या माणसाच्या पुण्यसाधनेत एक मूल दूरच्या प्रवासाला निघते, ते असे. पूर्वमीमांसेने, म्हणजे वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राने, नेमक्या याच विश्वजित यागाच्या संदर्भात एक प्रश्न उपस्थित केला आहे: सर्वस्व द्यायचे तर त्यात आप्तस्वकीयही येतात काय. जैमिनींच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायातला निर्णय असा की, ज्यावर यजमानाचे स्वामित्व असते तेच त्याला देता येते, आणि आप्तांवर कोणाचे तसे स्वामित्व नसते. भूमीबद्दलही तेथे असाच विचार केला आहे: शेत एखाद्याचे असू शकते, पण अवघी पृथ्वी कोणा एकाची नसल्याने ती दानात देता येत नाही. यज्ञविधीचा हा तांत्रिक वाटणारा निर्णय नीतीच्या दृष्टीने फार दूरवर जातो. आपले नसलेले देऊन पुण्य मिळत नाही, हे एकदा मान्य केले की मुलाचा काळ हा पालकाने त्याच्याच नावाने कोठेतरी गुंतवावा असा ठेवा राहत नाही. पालक त्या काळाचा विश्वस्त असतो, आणि विश्वस्ताने केलेल्या प्रत्येक खर्चाचा जाब त्याला द्यावा लागतो.

कथेचा पुढचा भाग याहूनही महत्त्वाचा आहे. नचिकेता यमाच्या दारी पोचतो तेव्हा यम घरी नसतो, आणि मुलाला तीन रात्री अन्नपाण्यावाचून ताटकळत राहावे लागते. यम परतल्यावर त्याला सांगितले जाते की, दारी आलेला अतिथी उपाशी राहिला तर यजमानाच्या पुण्याची हानी होते, आणि यम त्या मुलाला नमस्कार करून तीन रात्रींबद्दल तीन वर देऊ करतो. ग्रंथातले कारण अतिथिधर्माचे आहे, बालकाच्या हक्काचे नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागते. तरीही ज्याच्यापुढे सर्वांना वाट पाहावी लागते त्या मृत्यूलाच एका मुलाला वाट पाहायला लावल्याचे ऋण जाणवते, हे या उपनिषदाच्या रचनेत अपघाताने आलेले वाटत नाही. पुढचे सगळे ब्रह्मज्ञान या ऋणाच्या फेडीतून उगवते. शिवाय पहिला वर कोणता मागितला जातो, हेही पाहण्यासारखे आहे. आत्मविद्येचा प्रश्न तिसऱ्या वरात येतो. पहिल्या वरात मूल एवढेच मागते की, बापाचा राग शांत व्हावा आणि मी परत गेल्यावर त्याने मला ओळखून प्रेमाने बोलावे. दूर गेलेल्या मुलाची पहिली चिंता घरी होणाऱ्या स्वागताची असते, हे उपनिषद्काराला ठाऊक होते. दुपारी तीन वाजता बसमधून उतरलेल्या मुलाला दारातच ‘डायरी दाखव’ असे ऐकू येत असेल, तर तो पहिला वरच त्याला नाकारला गेला, असे म्हणावे लागेल.

लांबच्या प्रवासाचे समर्थन करताना बहुतेक घरांत जो शब्द वापरला जातो, तो म्हणजे सवय. ‘होते सवय’, ‘आम्ही नाही का मैलोन्‌मैल चालत गेलो’, ‘मुलांनी थोडे सोसायला शिकले पाहिजे’ ही वाक्ये दुष्टपणाने उच्चारली जात नाहीत. त्यांच्या मागे सहनशीलतेचा एक खरा आदर्श उभा असतो, आणि वेदान्तात त्या आदर्शाला तितिक्षा असे नाव आहे. शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान ही साधकाची षट्संपत्ती, म्हणजे आत्मज्ञानासाठी लागणारी सहा आंतरिक साधने मानली जातात. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तितिक्षेचे लक्षण असे सांगितले आहे की, प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता दुःखे सोसणे म्हणजे तितिक्षा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही थंडी-उष्णतेसारखी येणारी-जाणारी सुखदुःखे सोसण्याचा उपदेश अर्जुनाला केला आहे. पण हे उपदेश कोणाला केले आहेत, हा प्रश्न वेदान्ताने स्वतःच अनिवार्य ठरवलेला आहे. प्रत्येक शास्त्राच्या आरंभी अधिकारी कोण, म्हणजे हा उपदेश घेण्यास पात्र कोण, हे ठरवावे लागते. तितिक्षेचा अधिकारी तो, ज्याने विवेकाने आणि वैराग्याने स्वतःची वाट निवडली आहे. आठ वर्षांच्या मुलाने ना शाळा निवडलेली असते, ना घर, ना त्या दोहोंमधले अंतर. त्याच्या गप्प बसण्याला तितिक्षा म्हणणे हा शास्त्राचाही अपलाप आहे आणि मुलावरही अन्याय आहे, कारण प्रतिकार न करणे हा गुण प्रतिकार करू शकणाऱ्याचाच असतो. सहन करणे हा ज्याने त्याने स्वतःसाठी स्वीकारायचा धर्म आहे; दुसऱ्याकडून, त्यातही दुबळ्याकडून, तो वसूल करता येत नाही.

येथे वारीची आठवण काढली जाणे स्वाभाविक आहे, कारण प्रवासातले कष्ट पवित्र कसे होतात याचे महाराष्ट्राने घडवलेले सर्वांत मोठे उदाहरण तेच आहे. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट ज्ञानदेवांच्या पालखीबरोबर चालणारे लोक दिवेघाट चढतात, लोणंद, फलटण, वेळापूर अशा मुक्कामांतून वाखरीला पोचतात, पाऊस अंगावर घेतात, आणि त्यांच्यात कडेवरची मुलेही असतात. मग शाळेची वाटही मुलाने तशीच आनंदाने का चालू नये, असे कोणी विचारील. उत्तर वारीच्या रचनेतच आहे. वारीत वाट हीच उपासना असते, मुक्कामाला पोचण्यासाठी सोसायची अडचण नसते. चालणारा एकटा नसतो, त्याची दिंडी असते. आणि ठरावीक अंतरावर विसावा असतो, रिंगण असते, जेवण असते. मुख्य म्हणजे मोठे माणूस मुलाला वारीला पाठवत नाही, बरोबर नेते. कष्टांना पावित्र्य येते ते निवड, सोबत आणि विसावा या तीन गोष्टींमुळे. त्या काढून घेतल्या तर उरतात ते नुसते कष्ट, आणि त्यांच्यावर भक्तीचा शेंदूर फासून काही साधत नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू साध्य आणि साधन यांच्या संबंधाची आहे, आणि तेथेही मीमांसेचा एक न्याय उपयोगी पडतो. विधीमध्ये प्रधान कर्म आणि अंगभूत कर्म असा भेद केला जातो. अंग प्रधानासाठी असते, त्याला स्वतःचे वेगळे प्रयोजन नसते, आणि अंगाच्या गुणाचा प्रधानाच्या गुणाशी विरोध आला तर प्रधानाचा मान राखायचा असतो. शाळेच्या बाबतीत शिकणे प्रधान आणि प्रवास अंग, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. सकाळी सातच्या शाळेसाठी बस थांब्यावर सहाला येते, म्हणून मूल सव्वापाचला उठवले जाते. एका हातात बुटाची नाडी आणि दुसऱ्या हातात दुधाचा पेला धरून आई त्याच्यामागे फिरते; बसमध्ये चढवून घेणारी मावशी दप्तर आधी आत घेते, मग मुलाला; पुढच्या वळणाच्या आत त्याचे डोके खिडकीच्या गजाला टेकते आणि गचक्यागणिक गजावर आपटत राहते, तरी झोप मोडत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप हवी, असे निद्रावैद्यकाचे तज्ज्ञ सांगतात. सव्वापाचला उठणाऱ्या मुलाला किमान नऊ तास मिळायचे तर त्याने रात्री सव्वाआठला झोपी गेले पाहिजे. आणि महानगरातल्या किती घरांत आईबाप त्या वेळेपर्यंत परत आलेले असतात? अर्धवट झोपेतले मूल पहिल्या तासाला फळ्याकडे बघते, पण त्यातले फारसे मनात उतरत नाही. म्हणजे अंगाने प्रधानाचा घास घेतला, आणि शास्त्राच्या भाषेत हा विधीच सदोष झाला.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे परिपत्रक काढले, ते मुलांच्या झोपेचाच विचार करून. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांच्या आणि बसचालकांच्या अडचणी त्यानंतर पुढे आल्या: नऊच्या गर्दीत रस्ते तुंबतात, एका बसच्या दोन फेऱ्या जमत नाहीत, भाडे वाढते. या अडचणी खोट्या नाहीत. पण त्या सर्वांचा अर्थ एवढाच निघतो की, बसच्या वेळापत्रकाने शाळेची वेळ ठरवायची की शाळेच्या वेळेने बसचे वेळापत्रक, हा प्रश्न अजून उलटाच सोडवला जात आहे.

मात्र या विवेचनाचा रोख प्रत्येक लांबच्या प्रवासावर आहे असे समजणे फार मोठी चूक ठरेल. गावात चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंतच शाळा असलेल्या वाडीवस्तीवरच्या मुलीसाठी तालुक्याला जाणारी एसटी हाच शिक्षणाचा दरवाजा असतो, आणि ती एसटी बंद झाली तर बहुधा मुलीची शाळा बंद होते, भावाची होत नाही. मुलींना एसटीचा मोफत पास देण्याची योजना महाराष्ट्रात अहिल्याबाई होळकरांच्या नावाने चालते, आणि मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत मुलींसाठी स्वतंत्र बसही धावतात. त्यांचे मोल ज्या घरातली पहिली मुलगी दहावी झाली त्या घराला विचारावे. तेथे प्रवासाचा तास मुलीकडून काही हिरावून घेत नाही, तिला काही मिळवून देतो. एकच तास एका ठिकाणी ऋण होतो आणि दुसऱ्या ठिकाणी देणगी, याचे कारण अंतरात नाही, पर्यायात आहे. जवळ पुरेशी चांगली शाळा असताना केवळ नावासाठी मुलाला रोज दोन तास बसमध्ये बसवणे, आणि जवळ शाळाच नसताना त्याला दूर पाठवणे, या दोन कृती बाहेरून सारख्या दिसल्या तरी नीतीच्या दृष्टीने त्यांची जात वेगळी आहे. पहिल्या कृतीचा जाब पालकाला द्यावा लागतो, दुसरीचा समाजाला.

समाजाच्या या जबाबदारीचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलेले बालशिक्षणाचे काम या बाबतीत एका मूलभूत उलटापालटीवर उभे होते: मूल शाळेपर्यंत येत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे. आदिवासी पाड्यांतल्या अंगणात भरणारी अंगणवाडी आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळा ही त्या विचाराची दोन रूपे. अंतर कापण्याचे काम लहान पायांनी का करावे, ते मोठ्यांनी करावे, हा त्यातला साधा धर्म होता. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते, १९६६ च्या अहवालात शेजारशाळेचा, म्हणजे परिसरातल्या सर्व थरांतल्या मुलांनी एकाच जवळच्या शाळेत शिकण्याचा पुरस्कार केला, तो सामाजिक समतेसाठी. मुलांचा काळ वाचणे हा त्याचा आपोआप मिळणारा लाभ होता. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर असे शेजाराचे माप ठरवले. आणि तरीही कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार जेव्हा पुढे येतो, तेव्हा वाचणाऱ्या खर्चाच्या समोर मुलांच्या प्रवासाचे तास मांडले जात नाहीत. चांगली प्रयोगशाळा आणि पुरेसे शिक्षक मिळावेत हा त्यामागचा हेतू योग्य आहे. पण किंमत कोण मोजतो हे न लिहिलेला जमाखर्च न्याय्य म्हणता येत नाही.

बसमध्ये मुलांचे एक स्वतःचे जग असते, ही गोष्टही येथे नोंदली पाहिजे. शिकवणी, वर्ग आणि घर यांच्या मधल्या त्या तासातच कित्येक मुलांना मोठ्यांच्या नजरेबाहेरची मैत्री मिळते. भेंड्या रंगतात, डब्यातला उरलेला लाडू वाटून खाल्ला जातो, आणि वेगवेगळ्या इयत्तांची मुले एकत्र बसतात, जे शाळेत एरवी घडत नाही. या आनंदाला कमी लेखू नये. पण तो मुलांनी मिळालेल्या परिस्थितीतून निर्माण केलेला आहे. त्याचे श्रेय मोठ्यांनी घेऊन त्याच आधारावर प्रवास लांबवणे योग्य नाही. शिवाय तो सर्वांना सारखा मिळत नाही. ज्या मुलाचा थांबा सर्वांत दूर, ते सकाळी सर्वांच्या आधी रिकाम्या बसमध्ये चढते आणि दुपारी, मित्र एकेक करून उतरून गेल्यावर, सर्वांच्या शेवटी उतरते. फेरी वर्तुळाकार असेल तर सकाळी आधी चढणाऱ्यांना दुपारी आधी उतरवता येते, आणि एकूण अंतर तेवढेच राहूनही भार सारखा वाटला जातो. नीतिशास्त्रात ज्याला वितरणाचा न्याय म्हणतात, म्हणजे लाभ आणि भार यांची रास्त वाटणी, त्याचा इतका स्वच्छ नमुना दुसरीकडे सहज सापडणार नाही.

पोलंडमधले डॉक्टर आणि शिक्षक यानुश कोर्चाक, जे १९४२ मध्ये आपल्या अनाथालयातील मुलांबरोबर ट्रेब्लिंकाच्या छावणीत मृत्यूला सामोरे गेले, त्यांनी बालकाच्या हक्कांत आजच्या दिवसाच्या हक्काची गणना केली होती. ज्या मुलांना पुढचा दिवस मिळाला नाही, त्यांच्या सोबत्याने मांडलेला हा हक्क कोणत्याही शाळेच्या प्रवेशअर्जापेक्षा अधिक वजनाचा मानला पाहिजे. अर्थात महानगरात घर कोठे परवडते आणि नोकरी कोठे मिळते यावर पालकाचा फारसा ताबा नसतो, आणि लांबचा प्रवास टाळता न येणाऱ्या आईबापांवर अपराधाचे ओझे टाकणे हा या विचाराचा हेतू नाही. ऋण असणे हा दोष नव्हे. ऋण आहे हे नाकारणे हा दोष आहे. ते मान्य केले की फेडीचे मार्ग दिसू लागतात: घरी आल्यावरचा पहिला अर्धा तास प्रश्नांवाचून मुलाचा राहू देणे, प्रवासाच्या बदल्यात शिकवणीचा एक तास कमी करणे, रात्रीची वेळ मोठ्यांच्या सोयीने न ठरवता मुलाच्या झोपेने ठरवणे.

शालेय बसगाड्यांसाठी महाराष्ट्राने २०११ मध्ये केलेल्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो. भाडे, थांबे आणि सुरक्षितता हे विषय तिच्यापुढे येतात. एका मुलाने बसमध्ये जास्तीत जास्त किती वेळ बसावे, हा विषयही तिच्यापुढे यायला हवा, आणि तो मांडण्यापूर्वी समितीच्या प्रत्येक सदस्याने पहिल्या थांब्यावर बसमध्ये चढून शेवटपर्यंत एकदा तो प्रवास करावा.